सापडला न्हाई

"मगल म्हंजी काय गं?" रुद्रप्पांनी फोनवर विचारलं. होटगीच्या तलावाच्या बांधावर ते एका पायावर उभे होते. दुसऱ्या चपलेत बाभळीचा काटा घुसला होता आणि तो काढायला हात मोकळा नव्हता.

"ज्याला आपला खेळ ठाऊक न्हाई तो," रॉटरडॅमहून त्यांची लेक सुकन्या म्हणाली. "त्याच्या देखत डब्याला हात लावायचा न्हाई, अप्पा. कचरा म्हणून फेकून दिला त्यानं, की संपलं."

"मग मागच्या म्हैन्यापतूर मी बी मगलच की!"

ती हसली. चांगली दम लागेपर्यंत हसली. रुद्रप्पांनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

एरवी बापलेकीचं बोलणं ते केवढं! "कसं हाय अप्पा? अव्वाकडं द्या," एवढ्यावर वर्षानुवर्षं भागत आलेलं. फोन बसव्वाकडं, तिच्या आईकडं, जायचा आणि मग स्वयंपाकघरातून तासभर कानडी-मराठीची खिचडी ऐकू यायची. बसव्वा गेली, आणि फोन द्यायला घरात कुणी उरलं नाही. दोघं एकमेकांना जेवण विचारायची, इकडचं ऊन, तिकडची थंडी विचारायची. मग गप्प. कोण आधी ठेवतंय याची दोघंही वाट बघायची.

अशाच एका रविवारी सुकन्या म्हणाली होती, "अप्पा, एक काम कराल का माझं?"

काम म्हणजे हा खेळ. कुणीतरी कुठंतरी डबा लपवतो आणि फोनमधल्या नकाशावर खूण करून ठेवतो. दुसऱ्यानं त्या खुणेवर जाऊन डबा हुडकायचा, आतल्या कागदावर आपलं नाव टाकायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. तिच्या ऑफिसातली माणसं सुट्टीला हेच करत फिरायची. तिनं सोलापूरकडं नकाशा सरकवून बघितला, तर होटगीच्या तलावापाशी एकच खूण. डब्याला 'कॅश' म्हणतात हे ऐकून रुद्रप्पा दचकले होते. "कुणाचा पैसा हाय त्यो? नस्ती भानगड नगं." "पैसा न्हाई हो अप्पा, हितं कॅश म्हंजी दडवलेला डबा!"

तेव्हापासून दर रविवारी ते स्कूटर काढून इथं यायचे. बांधावर एका जागी फोन सांगायचा, पोचलात. त्या जागेला 'ग्राउंड झीरो' म्हणायचं.

"मग हितंच असंल की."

"हितंच हाय, पण फोनचं काम संपलं. आता डोळ्यानं हुडकायचं."

ते हुडकायचे, ती तिकडून दम धरून ऐकायची. नाहीच मिळाला की म्हणायची, "डीएनएफ लिवते. म्हंजी सापडला न्हाई. त्यात लाज न्हाई अप्पा, सगळ्यांचं होतं." रुद्रप्पांना कसली लाज? सापडला नाही म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा फोन.

"बाभळीच्या बुडाशी बघितलं का?" सुकन्या विचारत होती. "दगडांच्या फटीत?"

रुद्रप्पा वाकले. बांधाच्या दगडांत एक चपटा दगड जरा सुटा वाटला. तो सरकवून त्यांनी आत हात घातला आणि बोटांना प्लॅस्टिक लागलं. काळी पट्टी गुंडाळलेला, हातात मावेल एवढा डबा. उघडला. आत घडी घातलेला कागद, पेन्सिलीचा तुकडा.

"अप्पा? गप का झालाव?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि पुढचा रविवार डोळ्यांसमोर आला. त्याच्या पुढचाही. जेवण, ऊन, थंडी.

"काय न्हाई गं," ते म्हणाले. "सापडला न्हाई."

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अप्पा. आता एकट्यानं नका हुडकू."

रुद्रप्पा ताठ उभे राहिले. "का? मला कटाळा न्हाई येत."

"तसं न्हाई. डिसेंबरात रजा मिळायलीय. मी येते. दोघं मिळून हुडकू."

ते दगडावर बसले. "येतीस?"

"तिकीट बघायलीय." तिचा आवाज बारीक झाला. "अव्वा नसलेल्या घरात यायचं म्हटलं की पाय उचलंना, अप्पा. आता हे निमित्त तरी हाय."

फोन बंद झाला तरी ते तसेच बसून होते. मग त्यांनी कागदाला हात न लावता डबा बंद केला, फटीत ठेवला, चपटा दगड वर लावला. तरी कडा दिसतेय असं वाटलं, म्हणून आणखी एक दगड टेकवला. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. इतका दडवला तर पोरीला सापडायचा कसा? पुन्हा वाकून दगड काढला. जरा तिरका लावला.

"काय हरवलंय का, काका?"

बांधाखालून एक मेंढपाळ मेंढरं हाकत वर आला होता. रुद्रप्पा दगडाला पाठ लावून उभे राहिले.

"न्हाई, न्हाई. माझी लेक यायलीय."

"व्हय का! कुटं हाय?" मेंढपाळानं कपाळाशी हात धरून रस्त्याकडं बघितलं. उन्हात रस्ता पार लांबपर्यंत मोकळा होता.

रुद्रप्पांनीही बघितलं.