अनुदानाची अट

शहाडच्या चाळीतल्या बायकांना घेऊन मृणाल पथनाट्यं बसवायची. तालमीची खोली घरमालकाने परत मागितली होती, आणि पालिकेचं कला अनुदान मिळालं नाही तर गट मोडणार हे तिला दिसत होतं. म्हणून पाणीटंचाईवरचं नवं नाटक तिने सांस्कृतिक विभागाच्या साहेबांना वाचून दाखवलं.

साहेबांना ते फारच आवडलं. "झकास लिहिलंय, मॅडम. फक्त कोरड्या नळाचं वाक्य तेवढं काढा."

ते काढल्यावर त्यांना टँकरवाला खटकला. टँकरवाला गेल्यावर 'पाणी' हा शब्दच जरा राजकीय वाटतो, असं त्यांचं मत पडलं. मृणाल दर वेळी ओठ दाबून मान डोलवायची आणि घरी येऊन आणखी एक पान फाडायची.

पालिकेच्या महोत्सवात प्रयोगाची वेळ आली तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. गटातल्या सगळ्यात थोरल्या रंभाकाकू रिकामा हंडा घेऊन रंगमंचावर आल्या आणि लोकांकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. आधी मागे कुणीतरी हसलं. मग अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उठलं.

साहेब घाम पुसत विंगेत आले. "अभिनंदन. अनुदान मंजूर करतो. फक्त पुढच्या प्रयोगाला हंडा भरलेला आणा."


"आणते की, साहेब," रंभाकाकू म्हणाल्या. "पाणी कधी सोडताय तेवढं सांगा."