सावलीतले पंख

सकाळी अकराला निकाल लागला. तिच्या गटाचं यान निवडलं गेलं. सगळे पेढे घेऊन तिच्याभोवती गोळा झाले, पण तिनं एकही उचलला नाही.

अणुभट्टीच्या विजेवर चालणारं, शनीच्याही पलीकडे जाणारं यान. दोन गटांनी वेगवेगळे आराखडे करायचे आणि एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. एका गटात ती, दुसऱ्यात तिचा नवरा. सासूबाई म्हणायच्या, "एका घरात दोन देश केलेत तुम्ही. आणि मी बसलेय मधल्या नाक्यावर."

तिचं घोडं अडलं होतं ते पंखांपाशी. भट्टीची उष्णता बाहेर टाकायला यानाला लांबरुंद पंख लागतात. भट्टीपुढे जाड ढाल असते, तिच्या सावलीत किरणोत्सर्ग पोचत नाही. पण तिच्या चौकोनी पंखांच्या कडा सावलीबाहेर जात होत्या आणि तिथून किरण उलटून उपकरणांवर येत होते. ढाल रुंद करावी तर वजन हाताबाहेर. दोन महिने तिनं डोकं फोडून घेतलं; झोपेतही ती पंखांच्या कडांबद्दल बडबडायची.

मग एका रविवारी ती नवऱ्याच्या खोलीत चहा द्यायला गेली. तो आंघोळीला गेला होता. एरवी कागद कुलपात ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी एक कागद टेबलावर उघडाच होता. त्यावर पेन्सिलीनं काढलेले त्रिकोणी पंख. भट्टीकडे निमुळते, मागे रुंद होत गेलेले. अख्खेच्या अख्खे सावलीत.

इतकं सोपं होतं.

तिनं कप ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आली. सोमवारी तेच पंख तिच्या आराखड्यात होते.

आता त्याचा गट मोडणार होता. त्याची बदली ठरल्यातच जमा होती. दुपारी तो जिन्यात भेटला, हसून म्हणाला, "जिंकलीस. चला, आता घरात बोलायला तरी मोकळे झालो."

तिला त्याच्याकडे बघवेना. ती तडक प्रकल्पाच्या प्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, निकाल रद्द करा. ते पंख माझे नाहीत. नवऱ्याच्या टेबलावरून उचललेत मी."

प्रमुखांनी चष्मा काढला. "काय बोलताय कळतंय ना? नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. पण त्याच्या हक्काचं त्याला मिळू दे."

प्रमुखांनी उठून कपाटातून दुसऱ्या गटाच्या आराखड्यांचा गठ्ठा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. पहिल्या दिवसापासून कालपर्यंतचे सगळे कागद, प्रत्येकावर नवऱ्याची सही.

"दाखवा," ते म्हणाले.

ती एकेक पान उलटत गेली. शेवटच्या पानावरचेही पंख चौकोनीच होते.