साठ मुंड्या

"असं आजवर किती जणांचं केलंय तुमी?" बिरप्पानं विचारलं.

संमतीपत्र त्याच्या पुढ्यात होतं. अंगठ्याला शाई लावायची तेवढी बाकी होती. बिरप्पा सांगोल्याकडचा मेंढपाळ. मेंदूच्या तळाशी वाढलेली गाठ त्याच्या नजरेवर दाब देत होती. समोरचं मेंढरू दिसायचं, दोन्ही कडांची नाहीशी व्हायची. गाठ काढली नाही तर समोरचंही जाणार होतं. कवटी न उघडता नाकातून दुर्बीण घालून ती काढायची, ही सोलापूरच्या या दवाखान्यात नवीच गोष्ट होती.

डॉक्टर कीर्तीला थाप मारता आली असती. बिचारीला ती कला नव्हती.

"माणसांची चार. तेव्हा माझे सर शेजारी उभे होते. एकटीनं हे पहिलंच, मामा. हात बसावा म्हणून खाटकाकडून बकऱ्याच्या मुंड्या आणायचे. साठ झाल्या. सर पुण्याला असतात. तिकडं जायचं असेल तर आत्ता चिठ्ठी देते."

"आगं बया! बकऱ्यावर शिकलासा व्हय?" मुक्ताबाईनं नवऱ्याचा दंड धरला. "उठा. पुण्याला जाऊ."

बिरप्पा उठला नाही. "साठातल्या बिघडल्या किती?"

"पहिल्या अकरा."

"आन् मागनं?"

"एकही नाही."

तो बायकोला म्हणाला, "मी लोकर कातराया शिकलो तवा पयली धा मेंढरं रक्ताळली. तरी बापानं आकरावं म्होरं घातलंच की."

मुक्ताबाईनं दंड सोडला नाही.

"हात बघू," बिरप्पा डॉक्टरला म्हणाला.

कीर्तीनं हात पुढे केला. त्याच्या राठ पंज्यात तो बारीक कापत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुंडीवर कापतो का ह्यो?"

"नाही."

बिरप्पानं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबून धरला. "मग उद्या मी मेंढरूच हाय आसं समजा. मानूस म्हनलासा की हात कापंल."

मुक्ताबाईनं पदरानं त्याचा अंगठा पुसला. पुसता पुसता तिचे डोळे भरून आले.

"आन् जागं झाल्यावर," ती कीर्तीला म्हणाली, "मातर मानूस म्हणूनच परत द्या, बाई."