लंकेला निघालेली सायकल

दिवस मावळला होता, म्हणून अरुणा जेवायला बसली नाही.

"तुमच्यात दिवस बुडाल्यावर खात न्हाईत, आग्रह तरी काय करू?" चिमणाबाई म्हणाल्या. "बस सोप्यात निवांत. आमचं आटोपतंयच."

आत पंगत बसली. सकाळी चिमणाबाईंची लेक निशिगंधा निघणार होती. रेल्वेने नागपट्टणम, तिथून बोटीने श्रीलंका आणि मग सायकलवरून अख्ख्या बेटाला फेरी. एकटीने. लोकांनी सायकल चालवावी, याच्या प्रचारासाठी. दोन वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला होता.

सोप्यात अरुणा आणि ती सायकल, दोघीच उरल्या.

जोतिबाचा घाट अरुणा नेहमी निशिगंधाच्या आधी चढायची. सायकल क्लबात सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण या सफरीच्या निवडीच्या दिवशी क्लबाचे अध्यक्ष विजयसिंहांनी दोघींपुढे पंक्चर झालेलं एकेक चाक ठेवलं. निशिगंधाने बघता बघता ट्यूब बाहेर काढली. अरुणा म्हणाली, "माझी सायकल दुकानातच जाते."

"तिथं रानात दुकान कुठं हुडकत बसणार, अरुणाताई?" विजयसिंह म्हणाले.

सगळे हसले. निशिगंधाही हसली. फार नाही, थोडंसंच. पण तेवढं हसणं अरुणाला विसरता येत नव्हतं.

सायकल भिंतीला टेकून उभी होती. मागे पाटी, 'सायकल चालवा'. पेडलं नवी कोरी. निशिगंधाचा भाऊ राजवीर दुपारी ती बसवत होता, तेवढ्यात पत्रकार आले. त्याची अवजारं अजून फरशीवर पसरलेली होती.

अरुणाने पाना उचलला.

उजवं पेडल भिंतीच्या बाजूला होतं, शिवाय तिकडे साखळीचं वंगण. तिने डाव्याला हात घातला. बरणीचं झाकण उघडावं तसा पाना फिरवला. आधी तो सहज फिरला, मग जड झाला. तिने दोन्ही हातांनी रेटा दिला. किंचित हलला आणि थांबला.

एवढं पुरे.

फार काही व्हावं अशी तिची इच्छा नव्हती. स्टेशनकडे जाताना सगळ्या क्लबादेखत पेडल गळून पडावं. मग विजयसिंहांनी पुन्हा एकदा हसून दाखवावं.

स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बांगड्या वाजल्या. अरुणाने चटकन वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

सकाळी काहीच गळून पडलं नाही. निशिगंधाला ओवाळलं, हार घातला, आणि ती हात हलवत सायकलवरून स्टेशनकडे निघून गेली.

मग फोटो येऊ लागले. जाफन्याच्या रस्त्यावर निशिगंधा. शाळेतल्या मुलींच्या घोळक्यात निशिगंधा. खाली लोक लिहायचे, 'वाघीण', 'कोल्हापूरचं नाव काढलंस'. अरुणा आधी तिचा चेहरा बघायची. तो हसराच असायचा. मग ती फोटो मोठा करून डावं पेडल बघायची. आज नाही तर उद्या, तिला वाटायचं.

एके दिवशी डोंगरातला फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'किनारा सोडून मुद्दाम चढून आले. उद्या दिवसभर नुसता उतार.'

अरुणाने फोटोतली दरी पाहिली. हे तिच्या मनात नव्हतं. तिने लिहायला घेतलं, 'डावं पेडल एकदा बघ.' मग वाटलं, ती विचारेल, तुला कसं कळलं? तिने लिहिलेलं पुसलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. अरुणा दिवस असतानाही जेवली नाही. अंधार पडल्यावर फोन वाजला. घाटाच्या पायथ्याशी, हातात शहाळं घेऊन निशिगंधा हसत होती. अरुणाने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात तिला पुन्हा तिचा राग आला.

निशिगंधा परतल्यावर सत्काराला सभागृह भरलं. अरुणाने मागची खुर्ची धरली होती, पण चिमणाबाईंनी तिला ओढून पुढे आपल्या शेजारी बसवलं.

फेटा बांधलेली निशिगंधा माइकपाशी आली.

"एक गोष्ट मी आजपर्यंत मुद्दाम बोलले नाही," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आत जेवत होतो. तेव्हा कुणीतरी माझ्या सायकलला पाना लावला. आईनं खिडकीतून बघितलं."

अरुणाने दाराकडे पाहिलं.

"अरुणा, वर ये."

ती हलली नाही. चिमणाबाईंनी तिचं मनगट धरलं. "ऊठ की. आता कशाला लपतीस?"

पायऱ्या चढताना तिने कुणाकडेही पाहिलं नाही. निशिगंधाने तिला लोकांकडे तोंड करून उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"मी रेल्वेत होते तेव्हा राजवीरचा फोन आला. पार रडकुंडीला आलता. 'ताई, पत्रकार आले आणि डावं पेडल मी हातानंच दोन आटे फिरवून सोडलं. पाना लावायचा राहिला. आता सायकलवर बसू नकोस.' उतरल्या उतरल्या मी वाकून बघितलं. पेडल पक्कं आवळलेलं. आईला फोन केला, तेव्हा कळलं कुणी आवळलं ते." तिने अरुणाचा खांदा दाबला. "त्या घाटात ते निसटलं असतं तर आज माझ्या फोटोला हार असता. हिनं बोलून पण दाखवलं नाही."

टाळ्या थांबेनात. कुणीतरी अरुणाच्या डोक्याला फेटा बांधायला लागलं.

"पाना धरता येत नाही म्हणून आपण हिला मागं ठेवली," विजयसिंहांनी माइक घेतला. "पुढच्या वर्षी अंदमान, आणि एकट्या अरुणाताई. अहो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सैल करायच्या बाजूला फिरवून ते आवळायचं, हे दुसऱ्या कुणाला सुचलं तरी असतं का?"