कॅमेऱ्यावरची टिकली

गेम उघडला अन् कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा पुन्हा लागला. ज्योत्स्नाला शिसारीच आली. "शी! पत्त्यांच्या गेमला कॅमेरा कशाला पाह्यजे मेल्याला?"

जालन्याच्या मस्तगडातल्या तिच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आल्ता हरिओम. तो इथंच कारखान्यात कामाला, बायको दैवशाला मंठ्याला. एकटी कंटाळते म्हणून गेम त्यानंच टाकून दिल्ता. दिव्याला भिऊन तिनं कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली, तर ह्यानं ती खरवडून काढली. काचेवर डिंकाचा डाग अजून होता. "मशीन खराब होतं अशानं," असं म्हणून तो तोंडातला गुटखा थुंकायला बाहेर गेला.

आतली सेटिंग उघडायला लागणाऱ्या पासवर्डसाठी ज्योत्स्नानं दैवशालाला फोन लावला अन् स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

पासवर्ड सांगून दैवशाला म्हणाली, "ताई, दार लावून बसले तरी कुणीतरी बघून राह्यलंय असं वाटतं. जेवण जात न्हाई. हे बंद होत नसंल तर मला ते डबडंच नको." मंग जरा लाजून हसली. "यांचा मात्र लई जीव हाय माझ्यावर. परवा नवी साडी नेसले, तर इथं नसून बी फोनवर इचारतात, ही जांभळी कधी घेतली?"

"थांबा, फोन ठेवू नका," ज्योत्स्ना म्हणाली अन् सेटिंग उघडून बघितली. गेमच्या आडून घरातलं सगळं चित्र कुणाच्यातरी मोबाइलवर जात होतं. कोण असेल हा नासका माणूस?

हरिओम तोंड पुसत आत आला.

"भाऊ, कुणीतरी तुमच्या घरात डोकावून राह्यलंय. मी कॅमेराच बंद करून टाकते."

"न्हाई न्हाई, तसं नका करू!" तो चटकन पुढं वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "तिला भ्या वाटतं ते दिव्याचं. दिवा तेवढा बंद करा, ताई. कॅमेरा राहू द्या."

ज्योत्स्नानं लॅपटॉपवरचा हात झटकन काढला अन् ओढणीला पुसला. घाणीत पडल्यासारखा वाटला तिला.

काउंटरवरचा फोन चालूच होता.

"मंग परवा मी रडून राह्यल्ते, ते बी दिसलंच असंल की तुम्हाला," दैवशालाचा आवाज आला. "अन् फोन करून इचारलं काय, तर साडी कधी घेतली!"