बी-वनचं इंजेक्शन

"दारू पितात का हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छ्या! आमच्या घराण्यात थेंबाला कुणी शिवलेलं न्हाई," नानासो लगेच म्हणाले.

सुलाबाईनं थोरल्या दिराकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिचा नवरा जोतीराम सांगलीच्या त्या दवाखान्यात कालपासून बेशुद्ध पडला होता.

"नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या अंगातलं बी-वन जीवनसत्त्व जवळपास संपलंय. त्यात गावात अशक्तपणा म्हणून नुसत्या ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या, तो भार मेंदूला सोसला नाही. बी-वनचं इंजेक्शन मी सुरू केलंय. पण हे कशानं झालं ते कळल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत. पिणाऱ्यांना हे नेहमी होतं. म्हणून विचारतेय. लपवू नका, जिवाशी खेळ आहे."

बाहेर आल्यावर नानासोंनी आवाज दाबला. "तोंड उघडू नकोस. शिवांजलीची सुपारी फुटलीया. विट्याची पावणी, सोनं गाळायचं, गलाईचं दुकान हाय त्यांचं दिल्लीत. आत्ता बघायला येत्यात. पोरीचा बाप बेवडा म्हणल्यावर उभी ऱ्हातील व्हय?"

"आवं भावजी, पर ह्येंचं काय झालं तर?"

"काय हुतंय? एवढं डॉक्टर हायती की!"

बोलायला यांचं काय जातंय? वीस वर्षं भोगलं ते सुलाबाईनं. जोतीराम तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला. संध्याकाळी झोकांड्या खात घरी यायचा. कपड्यांना आंबलेल्या द्राक्षांचा वास, त्यात शेडचा कुठला आणि बाटलीचा कुठला ते देवाला ठाऊक. शपथा घेऊन झाल्या, मोडून झाल्या. शेवटी संक्रांतीला तिनं पदर खोचला. झुलत आला की रात्री ताट नाही आणि सकाळी डबा नाही.

"पोटाला चिमटा बसला की अक्कल येती," ती म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी लय कौतुक केलं. शेजारच्या चंद्राबाईनं तर आपल्याही घरात तोच नियम लावला.

पण कसली अक्कल नि कसलं काय! जोतीरामचा तोल दिवसेंदिवस जास्तच जायला लागला. जीभ जड झाली. "आगं, देवाशप्पत घेतली न्हाई," असं उंबऱ्यात बसून म्हणायचा. असं तर सगळेच पिणारे म्हणतात. पुढं पुढं तो रोजच तसा यायला लागला, तसा तिचाही नियम रोजचा झाला. ती मनानं खचली, पण हटली नाही.

माणूस वाईट नव्हता हो. वीस वर्षांत त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. शिवांजली लहान असताना तिला खांद्यावर घेऊन औंधचा यमाईचा डोंगर एका दमात चढला होता. सुलाबाईला रडू फुटलं. हा माणूस आपल्याला हवाय, कसाही असला तरी हवाय, एवढंच तिला कळत होतं.

विट्याचे पाहुणे आले. नानासो त्यांना खुर्च्या देत होते, तोवर डॉक्टरीणबाई पुन्हा दारात आल्या. सुलाबाई सगळ्यांच्या देखत उठली.

"बाई, ह्ये पित्यात. वीस वरसं झाली. आता तर रोजच. दीर खोटं बोलले. काय लागंल ते करा, पर माझ्या मालकास्नी वाचवा."

पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले. मग चहाला हात न लावताच उठले.

"बुडीवलंस घर!" नानासो ओरडले. "पोरीचं वाटूळं केलंस!"

"मोडू दे लगीन," सुलाबाई म्हणाली. "माणूस जगला पायजे." आयुष्यात पहिल्यांदा तिनं दिराला उलट उत्तर दिलं, आणि तिला हलकं वाटलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

"जीव वाचेल असं वाटतंय. पण डोळे उघडलेत, तरी ते कुणाला ओळखत नाहीत. कदाचित यापुढंही ओळखणार नाहीत."

सुलाबाईनं पदर तोंडात कोंबला. "दारूनंच घात केला त्येंचा."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एक मळकं कार्ड ठेवलं. "यांच्या खिशात मिळालं. व्यसनमुक्ती केंद्राचं आहे. मी आत्ताच तिथं फोन केला होता. संक्रांतीपासून हे दर आठवड्याला तिथं जायचे. दर वेळी तपासणी व्हायची. तीन महिन्यांत थेंबही घेतला नाही यांनी."

"आवं, पर चालताना झोक जायचा की! बोलणं बी अडखळायचं."

"बी-वन कमी झालं की असंच होतं. बघणाऱ्याला वाटतं, प्यालाय. जुन्या दारूनं ते आधीच कमी झालेलं असतं, त्यात सतत उपाशी राहिल्यानं होतं हे." डॉक्टरीणबाईंनी लिहायला पेन उघडलं. "घरात जेवत नव्हते का हे?"