वाइत्सेलांचं गाव

"आणखी वीस मिनिटं," वाल्देमार फोनवर म्हणाला. "आई पहाटे चारपासून कोट घालून बसली होती. गावाचं नाव कळल्यापासून तिला दम निघत नाहीये."

"या, या," म्हणत इर्मगार्डने फोन ठेवला. आता या माणसांना सांगायचं काय?

इर्मगार्ड शाळेतून निवृत्त झालेली बाई. बारा वर्षं ती जर्मनीतल्या एल्सबाख गावच्या चर्चची जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी पुस्तकं सांभाळत होती. अडीचशे वर्षांपूर्वी रशियाच्या राणीनं जमीन देऊ केली, तेव्हा या भागातली घरंच्या घरं उठून रशियात व्होल्गा नदीच्या काठी गेली. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आता परतली होती आणि आपलं मूळ गाव कुठलं ते विचारत होती. इर्मगार्ड ते शोधून द्यायची. वाल्देमारच्या आईकडच्या वाइत्सेल घराण्यावर तिने तीन वर्षं घालवली. १७४४ साली बाप्तिस्मा झालेला योहान कोन्राड वाइत्सेल सापडला, तशी उत्साहाच्या भरात तिने वाल्देमारला कळवून टाकलं.

तिथंच चुकलं. आज सकाळी भिंग लावून पाहते तो काय, कोन्राडच्या नावापुढं पुसटसा क्रूस. म्हणजे पोर लहानपणीच गेलेलं. मेलेलं पोर रशियाला कसं जाईल? तिने घाबरून पुस्तक मिटलं ते मिटलंच.

गप्प बसावं का? पुस्तक उघडून बघायला कोण येणार आहे? पण चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून दरडावलेलं, आता या वयात कुठं सुरुवात करायची?

गाडी आली. एमिलीबाई त्र्याऐंशीच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल. उतरल्या उतरल्या त्यांनी इर्मगार्डचे दोन्ही हात धरले.

"एवढीशी आहेस की गं तू! पत्रातून वाटलं, कुणी मोठी दांडगी बाई असेल."

ती बोली ऐकून इर्मगार्डला गलबलून आलं. तिची आजी अशी बोलायची. गावात आता कुणीच तसं बोलत नाही.

आधी खाणं होऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. आलूबुखाराच्या केकचे एमिलीबाईंनी तीन तुकडे खाल्ले.

"कझाकस्तानात आम्हाला जर्मन म्हणून शिव्या," वाल्देमार हसत म्हणाला, "आणि इथं तीस वर्षं झाली, शेजारी अजून रशियनच म्हणतात. आता दारावर पाटीच लावतो, मूळ गाव एल्सबाख."

"ते तुझं तू बघ," एमिलीबाई म्हणाल्या. "मला आईला दिलेला शब्द पाळायचाय. जाताना म्हणाली होती, जमलं कधी तर आपल्या गावी जा, देवळात माझं नाव घे आणि सांग, आम्ही परत आलो. त्या एका शब्दासाठी जीव धरून बसलेय बघ."

इर्मगार्डच्या हातातली बशी खाली आली. आता याहून उशीर करणं बरं नव्हतं.

चर्चमागच्या खोलीत तिने पुस्तक उघडलं आणि क्रुसावर बोट ठेवलं. "एमिलीबाई, माझी चूक झाली. हा कोन्राड लहानपणीच गेला. हा तुमचा नव्हे. एल्सबाख तुमचं गाव नसेलही."

वाल्देमार खिडकीकडे वळला. एवढा धिप्पाड माणूस, पण तोंड उतरलं.

एमिलीबाई मात्र हलल्या नाहीत. "त्याच्या आईला पुढं लेकरं झाली का?"

"झाली असतील."

"मग पान उलट, पोरी. आपल्यात गेलेल्या लेकराचं नाव वाया जाऊ देतात का? पुढच्याला ठेवतात."

इर्मगार्डने पान उलटलं, आणखी एक उलटलं. १७४७. योहान कोन्राड वाइत्सेल. बाप तोच, आई तीच. नावापुढं क्रूस नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'रशियाला गेला.'

"अगं बाई," ती म्हणाली. "बारा वर्षं हेच करतेय मी. पहिला सापडला तशी हुरळले, पुढं पाहिलंच नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

"तू पुस्तकात वाचतेस. आम्ही तसं जगलो."

मग एमिलीबाई चर्चमध्ये गेल्या, पुढच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कातारीना वाइत्सेल. आई, आम्ही परत आलो." बस, एवढंच. डोळे पुसले आणि छान हसल्या. वाल्देमार लेकीला फोन करायला बाहेर पळाला. त्याचं मोठमोठ्यानं बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं. इर्मगार्डला तर नाचावंसं वाटत होतं.

खोलीत परतून तिने वंशावळीचा मोठा कागद पसरला आणि शाईच्या पेनानं नावं भरायला घेतली. वर कोन्राड, मग त्याची मुलं, नातवंडं, व्होल्गाकाठच्या सारातोवच्या बाजूची सात पिढ्यांची माणसं. तळाशी तिने लिहिलं, 'एमिली.'

"जन्मतारीख सांगा. एक्केचाळीसचा मार्च ना?"

एमिलीबाईंनी दाराकडे पाहिलं. वाल्देमार अजून फोनवरच होता. त्यांनी दार हळूच लोटलं.

"एक्केचाळीसच्या सप्टेंबरात, जर्मनीशी युद्ध पेटलं म्हणून, सरकारनं आम्हाला सगळ्यांना व्होल्गाकाठून गाड्यांत कोंबून कझाकस्तानात धाडलं, ते तुला ठाऊक आहे. वाटेत आईची सहा महिन्यांची एमिली गेली. रुळाशेजारीच पुरली. दुसऱ्या दिवशी एका स्टेशनात पलीकडच्या रुळावर युद्धातून पळालेल्या लोकांची गाडी उभी होती. तिथं कुणी एक बाई मरून पडली होती आणि तिच्या कुशीत तान्ही पोर रडत होती. आईच्या अंगावर दूध होतं." त्यांनी कागद आपल्या हातानं सरळ केला. "लिही, सोळा मार्च. तारीख तिचीच लिही. माझी कुणालाच ठाऊक नाही."